अलाइनमेंट दोनदा करूनही गाडी उजवीकडे ओढते. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) दाबून घ्यावा का?

नमस्कार. माझी पेट्रोल हॅचबॅक ५८,००० किलोमीटर चालली असून मी धायरीहून नवले पूल, वारजे, चांदणी चौक या बाह्यवळणाने रोज हिंजवडीला जाते. जुलैत पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात पुढचे डावे चाक जोरात आदळले आणि तेव्हापासून स्टिअरिंग सैल धरले की गाडी उजवीकडे जाते. आपल्याकडे रस्त्याचा उतार बहुधा डाव्या कडेला असतो, त्यामुळे गाडी डावीकडे थोडी कलली असती तर मी रस्त्याला दोष दिला असता. इथे तसे म्हणता येत नाही.

तीन महिन्यांत दोनदा अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घेतले. दोन्ही वेळा टो, म्हणजे चाकांची पुढची टोके आत-बाहेर किती वळली आहेत ते, मशीनवर हिरव्यात (योग्य मर्यादेत) आला, पण डाव्या चाकाचा कॅम्बर उणे १ अंश ४५ मिनिटे आणि उजव्याचा उणे २० मिनिटे असाच राहिला (उणे म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला). डावा टायर आतल्या कडेने स्पष्टपणे झिजला आहे. हवा दोन्हीकडे सारखी आहे आणि पुढचे टायर आपापसांत बदलूनही ओढ उजवीकडेच राहिली, म्हणजे दोष टायरचा नसावा.

या गाडीत कॅम्बर जुळवण्याची सोय कंपनीने दिलेली नाही. दुकानदाराचे म्हणणे असे, की हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट (चाकाला धरणारा स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा उभा खांब) दाबला की आकडा हिरव्यात येईल. मला हा उपाय मनापासून पटत नाही, कारण वाकलेला भाग तसाच ठेवून दुसरा भाग वाकवला, तर कागदावर सारे ठीक दिसेल आणि मूळ दोष आत राहील. ही गाडी आई-बाबांना घेऊन खंबाटकी घाटातून साताऱ्याला जाते, म्हणून एवढी काळजी वाटते.

माझ्या वाचनानुसार स्टिअरिंग अक्षाचा (चाक ज्या रेषेभोवती वळते तिचा) कल, म्हणजे एसएआय, मोजून त्यात कॅम्बर मिळवला आणि ही बेरीज दोन्ही बाजूंना वेगळी आली, तर स्ट्रट किंवा नकल (चाकाचा हब ज्यावर बसतो तो भाग) वाकलेला असतो. सारखी आली, तर सबफ्रेम (सस्पेन्शन ज्यावर बसते ती खालची चौकट) सरकली आहे का ते पाहावे लागते. दुकानात मात्र एसएआय मोजलाच नाही.

सिंहगड रस्ता किंवा कोथरूड परिसरात हे मोजून छापील अहवाल देणारे ठिकाण कोणाला माहीत आहे का? स्ट्रटच निघाला, तर नाना पेठेतून एकच घ्यावा की जोडी बदलावी? आणि ज्यांनी कॅम्बर दाबून घेतला, त्यांच्या गाडीत तो पुढे किती किलोमीटर टिकला, हेही कृपया सांगावे.