शाळेचं आठवड्याचं सूचनापत्रक तुमच्याकडे कोण वाचतं, तुम्ही की मूल?

सातवीची_आई

लेक यंदा सातवीत गेलीय. दर शुक्रवारी संध्याकाळी शाळेकडून पालकांच्या ग्रुपवर आठवड्याचं सूचनापत्रक येतं, चार पानी पीडीएफ. पहिलं पान मुख्याध्यापकांचं मनोगत, मग गेल्या आठवड्यातल्या स्पर्धांचे फोटो, मग चाचणीचं वेळापत्रक, लायब्ररीची पुस्तकं, डोळे तपासणी, हरवलेल्या वस्तू कुठे ठेवल्यात ते, आणि शेवटच्या पानावर सगळ्यात खाली एका ओळीत "विज्ञान केंद्राच्या भेटीचं संमतीपत्रक बुधवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावे". मी शुक्रवारी पत्रक उघडलं, फोटोत लेक दिसतेय का ते बघितलं, नंतर नीट वाचू म्हणून बंद केलं आणि ते राहूनच गेलं. गुरुवारी वर्ग सहलीला गेला आणि ती शाळेच्या लायब्ररीत बसून राहिली. घरी आल्यावर रडली वगैरे काही नाही, एवढंच म्हणाली, "आई, तुला आलं होतं ना पत्रक?" त्यानंतर तिचं दप्तर उपसलं तर तळाशी पेन्सिलच्या सोलपटांत संमतीपत्रकाची कोरी प्रत चुरगळून पडलेली, पाण्याच्या बाटलीने अर्धी ओली. म्हणजे तिच्याकडेही होती आणि माझ्याकडेही होती, आणि दोघींनाही वाटत होतं की दुसरी बघतेय.

चौथीपर्यंत हा प्रश्नच नव्हता, एकच बाई सगळे विषय शिकवायच्या, डायरीत लाल पेनने लिहून द्यायच्या आणि मी खाली सही करायचे. आता आठ विषयांचे आठ शिक्षक, प्रत्येकाची प्रकल्पाची तारीख वेगळी, वह्या तपासायचे दिवस वेगळे. तुम्ही हे सगळं कसं सांभाळता? की या वयात पोरांनीच बघायला हवं? मला खरंच कळत नाहीये, आणि त्या लायब्ररीतल्या दोन तासांचं अजून मनातून जात नाहीये.

दोन_पोरांचा_बाबा

ताई, आधी एक सांगतो, हे आमच्याकडेही झालंय, त्यामुळे खूप मनाला लावून घेऊ नका, पण पद्धत मात्र बदला. माझा एक सहावीत, एक आठवीत, दोघांची पत्रकं वेगळी. माझा नियम एकच, पत्रक उघडायचं तर हातासरशी तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकूनच बंद करायचं, आणि तेवढा वेळ नसेल तर उघडायचंच नाही. कारण एकदा उघडलं की न वाचल्याची खूण जाते आणि मग ते वाचलेल्यात जमा होतं, परत त्याच्याकडे कोणी बघत नाही.

दुसरं, रिमाइंडर शेवटच्या तारखेला लावू नका. बुधवारपर्यंत फॉर्म द्यायचा तर बुधवारी सकाळी रिमाइंडर वाजून काय उपयोग, प्रिंट काढायची असते, पासपोर्ट साइज फोटो शोधायचा असतो, दोघांच्या सह्या लागतात. मी सोमवारी संध्याकाळी सातचा लावतो, म्हणजे हातात दोन रात्री असतात.

आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा मेसेज पिन करता येतो, म्हणजे वरती अडकवून ठेवता येतो, एका वेळी तीन मेसेज, चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवसांसाठी. तुमच्या ग्रुपच्या अॅडमिनला सांगा की पत्रक सात दिवसांसाठी पिन करा, पुढच्या शुक्रवारी नवीन येतंच. नाहीतर खाली "थँक्यू सर", "ओके मॅडम" अशी पन्नास उत्तरं येतात आणि मूळ गोष्ट वर कुठेतरी हरवते. हे ग्रुपमधल्या सगळ्यांनाच सांगावंसं वाटतं, आभार मनात माना पण सूचनेच्या खाली लिहू नका.

वर्गशिक्षिका_सहावी_ब

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण आमच्या शाळेतलं पत्रक तीन वर्षं मीच तयार करतेय. तुमची ओळ शेवटच्या पानावर का गेली ते मला बरोबर माहितीये. दर गुरुवारी दुपारपर्यंत सगळ्या शिक्षकांकडून मजकूर मागवायचा असतो, ज्याचा आधी येतो तो आधी लागतो, स्पर्धांचे फोटो तर बुधवारीच तयार असतात, आणि सहलीचं पक्कं होतं शुक्रवारी सकाळी, बसचं ठरल्यावर. म्हणजे ज्या गोष्टीची सगळ्यात घाई ती सगळ्यात खाली. कोणी मुद्दाम करत नाही हो, पण पालकाला त्याचा फटका बसतो हे खरं.

आम्ही गेल्या वर्षी बदललं. आता पत्रकाच्या डोक्यावरच "या आठवड्यात तुम्ही करायचं" असा भाग असतो, तीन-चार ओळींचाच. प्रत्येक ओळीत वार, तारीख, इयत्ता, काय द्यायचं आणि कोणाकडे. "लवकरात लवकर" हा शब्द मी पूर्ण काढून टाकला, त्याचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा होतो. मनोगत आणि फोटो शेवटी. शिवाय हा वरचा भाग पीडीएफसोबत साधा टाइप केलेला मेसेज म्हणूनही टाकते, कारण नोटिशीचा फोटो काढून टाकला की नंतर ग्रुपमध्ये "संमती" असं सर्च केलं तरी तो सापडत नाही, टाइप केलेलं लगेच सापडतं. आणि ज्यांना वाचायला त्रास होतो त्यांना फोन तो मजकूर मोठ्याने वाचूनही दाखवू शकतो. सूचनांच्या ग्रुपला फक्त अॅडमिनच लिहू शकतील असं सेटिंग केलंय, प्रश्नांसाठी वेगळा ग्रुप. आधी सोमवारी पहिल्या तासाला माझा फोन थांबायचा नाही, आता बराच शांत असतो.

तुम्ही शाळेला हे सुचवा. तक्रार म्हणून नको, "कृतीची ओळ वर घेतली तर आम्हाला मदत होईल" असं लिहा. पत्रक बनवणाऱ्याला बऱ्याचदा कळतच नाही की घरी ते कसं वाचलं जातं. आणि पुढच्या वेळी तारीख चुकली तर त्याच दिवशी वर्गशिक्षकांना फोन करा, बसची आणि प्रवेशाची यादी पक्की होईपर्यंत नाव घालता येतं, त्यानंतर मात्र आमच्या हातात काही नसतं.

आठवीचा_पालक

माझं मत जरा वेगळं आहे. आई-बापांनी अजून किती वर्षं हे करायचं? सातवीतल्या मुलीला स्वतःहून सही आणायची जबाबदारी कळायला हवी. मी मुलाला सहावीतच सांगितलं की पत्रक मी वाचणार नाही, तू वाच आणि माझ्याकडून काय हवं ते सांग. दोन वेळा चुकला, वर्गात उभा राहिला, त्यानंतर नाही चुकला. फक्त "लक्षात ठेव" म्हणून काही होत नाही एवढं मात्र मला पटलंय. गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1999 मध्ये यावर लिहिलंय, की नुसतं "मी करीन" असं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं ठरवलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. आमच्याकडे ते असं, घरात शिरून बूट काढले की दप्तराचा पुढचा कप्पा उघडायचा आणि आत जो कागद असेल तो टेबलावर ठेवायचा. बूट काढणं काही कोणी विसरत नाही, म्हणून कागदही विसरत नाही.

सातवीची_आई

बुटांचं आवडलं, ते करणारच. पण दादा, बारा वर्षांची आहे हो ती. चुकली तर वर्गात उभं राहणं वेगळं आणि अख्खा वर्ग गेला आणि आपण मागे राहिलो हे वेगळं. त्याची भरपाई होत नाही.

वर्गशिक्षिका_सहावी_ब

मी सातवीच्या आईंशी सहमत. आखणी करणं, पुढचं बघणं हे मेंदूच्या ज्या पुढच्या भागाचं काम आहे तो पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो, आणि आपण अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एकदम आठ शिक्षक आणि आठ तारखा देतो. जबाबदारी द्यायचीच, पण ज्यात चूक परवडते त्यात आधी द्या. लायब्ररीचं पुस्तक, चित्रकलेचं साहित्य, पीटीचा गणवेश हे पूर्ण तिच्यावर सोडा. सही, पैसे, तब्येत आणि सहल यात मात्र अजून दोन-तीन वर्षं तुमचा डोळा असू दे. माझ्या वर्गात जी मुलं नीट कागद आणतात त्यांच्या घरी कोणी तरी आठवड्यातून एकदा त्यांच्यासोबत बसतं एवढंच मी पाहिलंय. आणि बसायचं तर लवकर बसा, रात्री अकराला नको. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते, तेराच्या पुढे 8 ते 10, आणि पेंगणाऱ्या मुलाला तारीख सांगून ती राहत नाही.

आजी_लिहितेय

मी नातीसाठी हा फोरम वाचत असते. तिचे आई-बाबा दोघेही कामामुळे बाहेरगावी असतात, शाळेच्या ग्रुपवर माझा नंबर आहे. मला त्या पीडीएफमधली बारीक अक्षरं दिसत नाहीत गं, बोटांनी मोठं केलं की ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते. म्हणून दर रविवारी सकाळी नात मला पूर्ण पत्रक वाचून दाखवते आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. वाचता वाचता तीच मध्ये थांबते, "आजी, हे माझ्यासाठी आहे, हे लिही". मनोगत आम्ही सोडत नाही, ते ती मुख्याध्यापकांच्या आवाजात वाचते. बाळा, तू पण तिच्याकडून वाचून घे. तिला सांग मला वाचून दाखव, तपासते असं म्हणू नको.

दुसरं एक, ज्यांच्या घरी आई एका ठिकाणी आणि वडील दुसरीकडे राहतात त्यांनी शाळेच्या ऑफिसात जाऊन दोन्ही नंबर लावून घ्यावेत. आमच्या शेजारच्या मुलाची सगळी पत्रकं वर्षभर फक्त वडिलांच्या फोनवर जात होती आणि आईला पालकसभेची तारीख पोराकडून कळायची, तीही आदल्या रात्री.

दोन_पोरांचा_बाबा

आजी, हे वाचून दाखवायचं मी आजपासून करतोय. शाळा गूगल क्लासरूम वापरत असेल तर अजून एक आहे, पालकांच्या ईमेलवर सारांश मागवता येतो, रोजचा किंवा आठवड्याचा. कोणता गृहपाठ राहिला, पुढे काय द्यायचंय ते त्यात येतं. शाळेने ते चालू केलेलं असावं लागतं आणि आमंत्रणही शाळेकडूनच येतं, म्हणून वर्गशिक्षकांना विचारा. सहली आणि फॉर्म त्यात येत नाहीत हे मात्र लक्षात ठेवा, त्यासाठी पत्रकच वाचावं लागतं.

सातवीची_आई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काय केलं ते सांगायला परत आले. ऑफिसात मेल केला, मॅडमनी सांगितलं तसाच साधा लिहिला, उत्तर आलं की पुढच्या अंकापासून तारखा पहिल्या पानावर घेतो. आणि आज सकाळी लेकीला म्हणलं मला वाचून दाखव. आधी जरा नाक मुरडलं, मग पाय वर घेऊन बसली आणि चारही पानं वाचली. तिसऱ्या पानावर थबकली. लायब्ररीची पुस्तकं सोमवारपर्यंत. उठून आत गेली, पलंगाखाली हात घालून पुस्तक काढलं, धूळ पुसली आणि दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं. मी काहीच बोलले नाही. डोळे तपासणीच्या फॉर्मवर सही मात्र तिने लगेच पेन हातात देऊन करून घेतली.