मदत हवी आहे: पिकअपच्या हौद्यासाठी मऊ कव्हर, गुंडाळीचे घ्यावे की घडीचे?

सर्वांना नमस्कार,

मी मिनेसोटात, मिनिआपोलिसच्या एका उपनगरात राहतो. गेल्या महिन्यात २०१९ सालची फोर्ड एफ-१५० वापरलेली घेतली असून तिला चार दारांची केबिन आणि साडेपाच फुटी हौदा आहे. त्या हौद्यावर व्हिनाइलचे मऊ झाकण, म्हणजे इथे ज्याला टोनो कव्हर म्हणतात ते, बसवायचे आहे. कडक कव्हराला निदान दुप्पट पैसे मोजावे लागतात, म्हणून तो विचार तूर्त बाजूला ठेवला आहे.

मुख्य कारण आमचे ढोल-ताशा पथक. गेल्या वर्षी एका मित्राच्या पिकअपमधून चार ढोल नेताना त्यांवर ताडपत्री टाकून रबरी दोऱ्यांनी बांधली होती. महामार्गावर पाऊस लागला, ताडपत्रीचा एक कोपरा सुटून फडफडू लागला आणि दोन ढोलांची चामड्याची पाने भिजली. कार्यक्रमाच्या जागी पोहोचल्यावर दोऱ्या कितीही ताणल्या तरी घोंगडीवर काठी मारावी तसाच आवाज येत राहिला. आमचे ढोल पानावर उभे केले की २० इंच उंच भरतात आणि हौद्याची खोली २१ इंचांहून थोडी अधिक आहे, त्यामुळे ते कव्हराखाली बोटभर जागा राखून मावतील असा माझा हिशेब आहे. मखर आणि मूर्ती नेताना मात्र हौदा मोकळा लागेल.

गुंडाळीच्या कव्हरांमध्ये ट्रक्सेडो लो प्रो आणि तीन घड्यांच्या कव्हरांमध्ये एक्स्टँग ट्रायफेक्टा अशी दोन नावे माझ्या मनात आहेत. जानेवारीत इथे तापमान उणे २५ अंश सेल्सियसपर्यंत जाते. त्या थंडीत व्हिनाइल आखडते हे कितपत खरे आहे? दोहोंपैकी पाणी कशातून कमी झिरपते? शिवाय, आधीच्या मालकाने हौद्यात प्लॅस्टिकचे जाड अस्तर बसवले आहे, जे बाजूच्या कठड्यांवरून बाहेर वळलेले आहे. त्याची अडचण होईल का?

प्रतिसाद १

आपण शेवटी विचारलेला प्रश्न खरे तर पहिला आहे. मऊ कव्हराच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कठड्याच्या आतल्या ओठाला क्लॅम्पने आवळून बसवतात. कठड्यावरून वळलेले अस्तर तिथे असेल तर क्लॅम्प धातूऐवजी प्लॅस्टिकला धरतो, प्लॅस्टिक दबते, आणि काही आठवड्यांत पट्टी हलू लागते. एक तर क्लॅम्पच्या जागी अस्तराला खाचा पाडाव्या लागतील, नाही तर अस्तर काढून टाकावे लागेल. मी काढून टाकण्याच्या पक्षात आहे, कारण अशा अस्तराखाली पाणी आणि वाळू अडकून राहते आणि ते हलत राहिले की रंग घासला जातो. आपल्या गाडीचा हौदा ॲल्युमिनियमचा असल्याने तांबेरा चढणार नाही, पण एकदा उचलून खाली काय साठले आहे ते पाहाच.

दुसरे, ढोलांच्या उंचीचा हिशेब पुन्हा करावा. व्हिनाइल ताणून धरण्यासाठी त्याखाली आडव्या ॲल्युमिनियमच्या कांबी असतात आणि त्या सुमारे इंचभर जागा खातात. त्यातच कव्हर कमी उंचीचे, म्हणजे कठड्यांच्या आत बसणारे असेल, तर आपली बोटभर जागा तिथेच संपली. कठड्यांच्या वर बसणारे कव्हर दिसायला थोडे बोजड असते, पण हा इंच परत मिळवून देते. दिसण्यापायी ढोलाच्या पानावर कांब टेकू देणे मला तरी पटत नाही.

गुंडाळी की घडी हे मखरानेच ठरवले आहे. तीन घड्यांचे कव्हर उघडल्यावर त्याची चळत केबिनलगतच्या एक तृतीयांश भागावर बसते. आपला हौदा आतून ६७ इंच आहे, म्हणजे सुमारे २२ इंच गेले. ते पूर्ण उतरवता येते, पण मग ठेवायचे कुठे, हा प्रश्न ऐन मूर्ती आणण्याच्या दिवशी उभा राहतो. गुंडाळीचे कव्हर केबिनपाशी पट्ट्यांनी बांधले की जवळजवळ सगळा हौदा मोकळा होतो.

व्हिनाइल आखडते हे अगदी खरे आहे. कव्हर शक्यतो उन्हाळ्यात, ऊन खाऊ घालून बसवावे, म्हणजे घडीच्या सुरकुत्या निघतात; मात्र तेव्हा ते तबल्यासारखे ताणून ठेवले तर जानेवारीत शेवटची कांब फाळक्याजवळच्या खाचेपर्यंत पोहोचत नाही. ताण कमी-जास्त करण्याचा स्क्रू असतो, तो थंडीपूर्वी सैल करावा. गोठलेले कव्हर जबरदस्तीने गुंडाळू नये, त्याला चिरा जातात.

बर्फाचेही गणित करून पाहा. हौद्याचे क्षेत्रफळ सुमारे २.७ चौरस मीटर धरले आणि ताज्या भुसभुशीत बर्फाचे वजन घनमीटरला १०० किलो धरले, तर फूटभर थरातच ८० किलोंच्या आसपास भार होतो. ओला बर्फ याच्या तिप्पट सहज भरतो. त्यामुळे बर्फ साचू न देता फोमच्या डोक्याच्या झाडूने ढकलून काढावा. फावडे कव्हराला लावू नये.

प्रतिसाद २

वरील बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. एक भर घालतो: कडेला वेल्क्रो असलेल्या कव्हरात पाणी शिरून गोठले की ते सोडवताना नखे दुखतात. माझ्याकडे असे कव्हर पाच हिवाळे टिकले, पण डिसेंबर ते मार्च मी ते फारसे उघडलेच नाही. आपल्याला हिवाळ्यातही हौदा लागणार असेल तर कडेच्या खाचेत अडकणारी पट्टी असलेले पाहावे.

पाण्याबद्दल सांगायचे तर कोणतेही मऊ कव्हर पूर्ण जलरोधक नसते. पाणी कापडातून येत नाही. ते केबिनकडच्या दोन कोपऱ्यांतून आणि फाळक्याच्या फटींतून येते. फाळक्याभोवती चिकटवायची रबरी पट्टी वेगळी मिळते, ती घ्यावी. आणि ढोल हौद्याच्या तळावर थेट ठेवू नयेत. खाली लाकडी फळ्या टाकाव्यात.

धागाकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मुलाला मदतीला घेऊन अस्तर काढले. खाली पाइनच्या सुया, ओली वाळू आणि एक गंजलेला खिळा निघाला. चाकांच्या फुगीर भागांवर रंग घासून दोन ठिकाणी धातू उघडा पडला आहे, पण छिद्र नाही. त्यानंतर ढोल प्रत्यक्ष ठेवून कठड्यांवरून आडवी फळी टाकली, तेव्हा पान आणि फळी यांमध्ये जेमतेम दीड इंच राहिला. त्यातून कांबीचा इंच वजा केला तर रस्त्यातल्या एका खड्ड्यातच ढोल वर आपटेल. त्यातच तळाला फळ्या टाकायच्या म्हटल्यास तीही जागा जाते. म्हणून लो प्रो आणि ट्रायफेक्टा दोन्ही यादीतून काढले असून आता कठड्यांवर बसणारे, कडेला वेल्क्रो नसलेले गुंडाळीचे कव्हर पाहत आहे.

फळ्यांऐवजी अर्ध्या इंचाची खाचा असलेली रबरी चटई टाकावी असे मनात आहे. खालून पाणी वाहून जाईल आणि ढोल सरकणारही नाहीत. चामड्याच्या पानाला रबराचा वास किंवा डाग लागल्याचा अनुभव कोणाला असेल तर कृपया सांगावा. नसल्यास मी मध्ये जुनी सुती चादर घालणार आहे.