3.2 वरून 5.6: बेरोजगारी दुप्पट झाली की मोजायची तऱ्हा बदलली?

आकडेमोड्या
काल इथल्या एका सभासदाने केंद्र सरकारच्या श्रमबळ पाहणीतल्या (PLFS) बेरोजगारीच्या टक्केवारीचा आलेख टाकला. 2017-18 ला 6.0, 2023-24 ला 3.2, मे 2025 ला 5.6. तिन्ही ठिपके एका रेघेने जोडलेले आणि वर लाल अक्षरांत 'वर्षात बेरोजगारी जवळपास दुप्पट'. खाली लगेच खडेबाजार यांचं उत्तर, 'सहाचे तीन झाले तेव्हा कुठं होतात?' दोघांनाही एकदाच सांगतो, कारण आता हे सहन होईना.

5.6 हा चालू आठवड्याच्या हिशेबाचा आकडा आहे. मागच्या सात दिवसांत एक तासही काम नाही आणि काम शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तो बेरोजगार. 3.2 हा वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीचा. 365 दिवसांतला जास्त काळ माणूस काय करत होता ते बघतात. त्यात तो कामकरी ठरला नाही, पण किमान 30 दिवस काही जोडकाम केलेलं निघालं, तरी तो कामकऱ्यांत जातो. साहजिकच दुसऱ्या हिशेबात बेरोजगार कमी दिसतात. त्याच 2023-24 चा आठवड्याचा आकडा 4.9 होता. तुलना करायचीच तर 4.9 आणि 5.6 ची करा.

तीही पूर्ण खरी नव्हे. जानेवारी 2025 पासून पाहणीच बदलली. आता आकडा महिन्याला येतो. खेड्यातल्या घरीही लागोपाठ चार महिने जातात. आधी पुन्हा-पुन्हा भेट फक्त शहरात होती, तीही तीन महिन्यांनी. शिवाय मे महिना. आपल्याकडे मे महिन्यात शेतात काय असतं ते मी सांगायला नको.

आता सहाचे तीन. झाले, नाकारत नाही. पण त्याच काळात 15 आणि त्यावरच्या वयाच्या बायकांत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचा वाटा 23.3 वरून 41.7 टक्क्यांवर गेला. एकूण कामकऱ्यांत पगारी नोकरीवाल्यांचा वाटा 22.8 वरून 21.7 वर आला आणि स्वयंरोजगाराचा 52.2 वरून 58.4 वर. कारखाने निघाले म्हणून हा आकडा उतरलेला नाही.

मी याच बेळगाव जिल्ह्यात पाहणीसाठी कंत्राटावर टॅब घेऊन घरोघर हिंडलोय, म्हणून बोलतोय. (कंत्राटदार पगार किती लांबवायचा तो वेगळा धागा होईल.)

उद्यमबाग_नाईटशिफ्ट
काय बोलूलास बे! आठवड्यात एक तास काम केलं की रोजगार? आमच्या शॉपमध्ये ऑर्डर नाही म्हणून चार दिवस बसवून ठेवलेत. शुक्रवारी दोन तास मशीन पुसायला बोलावलं. म्हणजे मी कामाला आहे? कुठल्या शहाण्याची व्याख्या ही?

आकडेमोड्या
जिनिव्हाच्या शहाण्यांची. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1982 च्या ठरावापासून एक तासाची अट आहे, जगभर तीच चालते. तुझ्यासारख्यांचा हिशेब दिवसाच्या पद्धतीत नीट लागायचा. चार तास किंवा जास्त म्हणजे पूर्ण दिवस, एक ते चार तास म्हणजे अर्धा. बेरोजगारी कशी मोजायची ते बघणाऱ्या दांतवाला समितीने 1970 मध्ये सांगितलंच होतं की आपल्या देशात एका आकड्याने भागणार नाही. आणि ऑर्डर नाही म्हणून घरी बसलास तरी नोकरी शाबूत असेल तर तू कामावरच धरला जातोस.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट
धरा की. पगार पण धरा म्हणावं त्यांना.

सीमाभागी_56
मूळ मुद्द्याला कुणी हात घालत नाही. इथल्या मराठी पोराला बेरोजगार कोणी केलं? 1956 ला आम्हाला न विचारता इकडं कर्नाटकात टाकलं, 1967 ला सीमावादावरच्या महाजन अहवालाने मीठ चोळलं, 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. फॉर्म कन्नडमध्ये, परीक्षेला कन्नड, आणि घरी पाहणीला येतो तोही कन्नडमध्येच विचारतो. आमच्या गल्लीत आला तेव्हा म्हाताऱ्याने नुसती मान हलवली. ती मान टॅबमध्ये काय म्हणून गेली देव जाणे.

खडेबाजार
आला 1956! मंगळावर पाणी सापडल्याचा धागा काढला तरी हे महाजन अहवाल आणणार.

सीमाभागी_56
तुमचं दुकान चाललंय म्हणून सुचतंय. तुमच्या दुकानाची पाटी आधी कुठल्या भाषेत होती आणि आता कुठल्या, ते पण सांगा इथं. घाबरट कुठले.

खडेबाजार
पाटीवर बोलायचं नाही. दंड मी भरलाय, तुम्ही नाही.

आकडेमोड्या
दोघंही आवरा. भाषेचा मुद्दा खोटा नाही. मी मराठीत विचारायचो तिथं उत्तर लांबलचक मिळायचं, सोबतच्याला तेच घर दोन शब्दांत उरकायचं. पण त्याने बेरोजगारी वाढूनच दिसते किंवा कमीच दिसते असं कुणी म्हणू नये. दोन्हीकडे चुकू शकतं.

खडेबाजार
मग माझं ऐका. तीन टक्के पण जास्तच आहेत. दुकानाला पोरगा शोधून थकलो. पदवी झाली की कर्नाटक सरकारच्या युवानिधीचे महिना तीन हजार, घरात गृहलक्ष्मीचे दोन हजार, रेशनचा तांदूळ. कशाला येतंय कोण कामाला?

निपाणीची_लेक
काका, युवानिधी पास झाल्यावर 180 दिवस काम नसेल तर मिळतो, तोही जास्तीत जास्त दोन वर्षं. डिप्लोमावाल्याला दीडच हजार. तेवढ्यात तुमच्या दुकानावर थुंकण्याइतकी श्रीमंती येत असेल तर पगारच बघायला पाहिजे तुमचा.

आणि सर, तुम्ही बायकांच्या आकड्याबद्दल ज्या सुरात लिहिलंय ना, तो सूर मला खटकला. 'कारखाने निघाले म्हणून नाही.' म्हणजे आमची वाढ फुकटची? माझ्या आईने जन्मभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, शेजारी भिजवलेली पानं, कात्रीने एका मापाचं पान कापायचं, तंबाखू पसरायची, वळायची, नखाने तोंड दुमडायचं, दोरा. हजारामागं मजुरी, त्यातून वाकड्यातिकड्या बाजूला काढायच्या. आमच्या घरी एकदा पाहणीवाले आले होते, तेव्हा उत्तर आजोबांनी दिलं. 'सून घरातच असते.' झालं. आई समोर बसून विड्याच वळत होती! ती तेव्हा घरकामात गेली असणार आणि आता कामकऱ्यांत येत असेल, तर बेरोजगारीचा आकडा फसवा कसा? आधीचाच फसवा होता.

वडगावचा_माग
अक्का बरोबर बोलल्या. आमच्याकडे मागावर नवरा बसतो, पण कांड्या कोण भरतं? बाई. मजुरी मिळते ती साडीमागं, नवऱ्याच्या हातात. ती बिनपगारी मदतनीस. पाहणीच्या फॉर्मात नोंद 21 नंबरला. माझ्या बहिणीने तसंच सांगितलं होतं पाहणीला, ठामपणे.

खडेबाजार
मग मी तरी काय वेगळं म्हणत होतो? बायका कामाला लागल्या, बेरोजगारी उतरली.

आकडेमोड्या
नाही हो. विडी वळणारी 21 मध्ये येत नाही. ती मजुरी घेते, ती कधीच मोजायला हवी होती. ताई, तुमच्या आजोबांचा राग माझ्यावर काढू नका. प्रश्न घरच्या दोन म्हशींचं शेण-धारा करणाऱ्या बाईचा आहे. तिला 93 टाकायचं, म्हणजे घरकाम आणि जोडीला सरपण, वैरण वगैरे, की 21, हे पुष्कळदा विचारणाऱ्याने किती खोदलं त्यावर ठरतं. जास्त खोदलं तर 21. अमेरिकेत घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावणारा आठवड्याला 15 तास झाल्याशिवाय कामकरी धरत नाहीत. 2013 च्या जागतिक ठरावाने निव्वळ घरी खाण्यापुरतं पिकवणं रोजगारातून बाहेर काढलं. आपण ते आतच ठेवलंय.

निपाणीची_लेक
अमेरिकेत म्हैस कुणाच्या दारात आहे? ती बाई पाचला उठते. तिला 'काम करत नाही' म्हणायचं असेल तर तुम्ही एक आठवडा येऊन धारा काढा, मग आपण 15 तास मोजू.

आकडेमोड्या
काम करत नाही असं मी म्हटलेलं नाही!! काम आणि कमाई एका रकान्यात घालून वर 'रोजगार वाढला' म्हणून पेढे वाटू नका, एवढंच म्हणतोय.

निपाणीची_लेक
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर माझा स्वयंपाक वेळेवर झाला असता. बरं, पेढे नाही वाटत. पण तिला मोजा. आणि उत्तर तिलाच विचारा, सासऱ्याला नको.

तिसरा_ठिपका
आलेख माझाच. रेघ काढून टाकली, आता खूश? पण 2019 चं कसं विसरता? 2017-18 चा अहवाल दाबून ठेवला, जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगातून मोहनन आणि मीनाक्षी या दोन सदस्यांनी राजीनामे दिले, आणि अहवाल आला लोकसभा निवडणूक झाल्यावर, 31 मे ला. तेव्हा सरकारच सांगत होतं की 2011-12 च्या 2.2 शी तुलना करू नका, पद्धत बदललीय. तुमच्या तोंडी आता तेच वाक्य!

आकडेमोड्या
वाक्य तेव्हाही निम्मं खरं होतं. पाहणीला घरं निवडताना आधी ऐपत बघायचे, मग दहावी शिकलेली माणसं घरात किती ते बघायला लागले. शिकलेला पोरगाच जास्त काळ नोकरी शोधत बसतो. अहवाल दाबणं चूकच, त्याबद्दल माझ्याकडून समर्थन मिळणार नाही.

खानापूरकर
मला एकच सांगा. माझा भाऊ दसरा झाला की गोव्याला हॉटेलात जातो, मे संपता संपता परत. तो कुठं मोजतात?

आकडेमोड्या
सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहणारा गावच्या घरात धरत नाहीत. जिथं राहतो तिथलं घर पाहणीत निवडलं गेलं तर तिथं. पावसाळ्यात गावी आला की नियमाने तो पाहुणा.

खानापूरकर
आणि तेव्हा गोव्यातली खोली बंद. म्हणजे रोप लावायच्या दिवसात तो कुठंच नाही. चिखलात मात्र गुडघाभर असतो हं.

खडेबाजार
पावसाळ्यात मोकळाच आहे तर दुकानाला पाठवा की त्याला. दहा हजार देतो.

खानापूरकर
बारा द्या, रविवारी सुट्टी द्या, आणि लावणी उरकल्यावर विचारतो.