पावसात नाक एकदम बरं, ऊन पडलं की परत शिंका. नाशिकमध्ये अजून कोणाला होतं का?

गंगापूररोडची:
नमस्कार मंडळी. मी गंगापूर रोडला राहते, गेली तीन वर्षं एकच प्रकार चाललाय. जानेवारी संपत आला की नाक गळायला लागतं, डोळे चुरचुरतात, टाळूला आतून खाज सुटते आणि शिंका लागल्या की पंधरा-वीस सलग. ताप नाही, अंगदुखी नाही, आणि एप्रिल लागला की काही न करता थांबतं. आधी सर्दी समजले, मग रस्त्याच्या कामांची धूळ. यंदा मात्र रोजचं वहीत लिहून ठेवलं, कधी त्रास झाला, ऊन होतं का, वारा होता का. फेब्रुवारीत दोन दिवस अवकाळी झाला ना, त्या दोन दिवसांत एक शिंक नाही, गोळीसुद्धा नाही घेतली. तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं, वारा सुटला आणि दुपारपर्यंत डोळे सुजून बारीक झाले. ढगाळ, दमट दिवशी पण कमी त्रास. नुसती धूळ असती तर वाऱ्याच्या प्रत्येक दिवशी झाला असता, मे महिन्यात तर किती धूळ उडते, तेव्हा मी ठणठणीत असते.
डॉक्टर म्हणाले परागकणांची ॲलर्जी वाटतेय, बघू टेस्ट करून. हे मी सोसायटीत बोलून बसले आणि आता रविवारच्या मीटिंगमध्ये गेटजवळचा गुलमोहर तोडायचा विषय आलाय, माझ्या नावावर! मला ते अजिबात नकोय. पण मला सांगता पण येत नाहीये की तो नाही तर मग काय. कोणाला माहिती असेल तर सांगा प्लीज, पाऊस आणि वाऱ्याचा याच्याशी नक्की संबंध काय असतो?

सातपूरकर:
ताई गोळी घ्या रात्री झोपताना, मार्चभर चालू ठेवा, मी तेच करतो.

पंचवटीतले_काका:
गोळीचं डॉक्टर बघतील, आधी गुलमोहर वाचवा. मी बत्तीस वर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही.
तुमच्याच वहीत उत्तर आहे. त्रास जानेवारीअखेर ते मार्च. गुलमोहर फुलतो कधी? एप्रिल-मे. म्हणजे तो फुलायला लागतो तेव्हा तुम्ही बऱ्या झालेल्या असता. दुसरं म्हणजे ज्या झाडाची फुलं मोठी, रंगीत, लांबून डोळ्यात भरणारी, त्याचे परागकण बहुतेक वेळा जड आणि चिकट असतात, कारण ते किड्यांच्या नाहीतर पाखरांच्या अंगाला चिकटून जायचे असतात. पळस, पांगारा, सावर, गुलमोहर सगळे त्यातले. वाऱ्यावर सोडणारी झाडं वेगळी. त्यांना कोणाला बोलवायचंच नसतं, म्हणून रंग नाही, वास नाही, फूल इतकं बारीक की लोक म्हणतात या झाडाला फुलंच येत नाहीत. पण पराग मात्र लाखोंनी, कोरडा आणि हलका. आपल्याकडे वावळ, सुरू, तुती ही त्यातली. वेड्या बाभळीचा पराग किड्यांबरोबर वाऱ्यावरही जातो आणि ॲलर्जीत तिचं नाव नेहमी येतं.
तुमच्या तारखा बघून मला पहिला संशय वावळाचा. थंडी सरता सरता त्याची पानं गळतात आणि उघड्या फांद्यांवर हिरवट-तपकिरी फुलांचे बारीक झुबके येतात, पाने नसल्यामुळे वाऱ्याला अडवायला काहीच नाही. आता मार्चमध्ये फुलं संपून चपट्या हिरवट चकत्यांचे घोस लागलेले असतील, मधे बी आणि भोवती कागदासारखा पातळ पंख. वाळल्या की त्या भिरभिरत अंगणभर पडतात. पान चुरगळून बघा, वास घाण येतो. पण माझा संशय म्हणजे निदान नव्हे. त्वचेवर थेंब टाकून टोचतात ती प्रिक टेस्ट करा, आणि तिच्याआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर टेस्ट खोटीच चांगली येते. किती दिवस ते डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका.
आणि कोणी सावरीच्या कापसाचं नाव काढलं तर सांगा, तो उडणारा कापूस म्हणजे बी वाहून नेणारे तंतू, पराग नव्हे.

निफाडचा_बागायतदार:
वाऱ्या-पावसाचं मी सांगतो, आम्हाला ते रोजच बघावं लागतं. मक्याला तुरा आला की सकाळी सहाला शेतात जाऊन तुरा झटका, काही पडत नाही, सगळं दवाने ओलं. नऊ-दहाला दव उडालं, ऊन लागलं की त्याच तुऱ्यातून पिवळा भुकटा नुसता सांडायला लागतो, शर्ट पिवळा होतो. परागाची पिशवी वाळली की फुटते, ओली असेल तर बंदच राहते. तुमच्या झाडाचंही हेच असणार, पावसाच्या दोन दिवसांत पिशव्या उघडल्याच नाहीत, आणि जे हवेत होतं ते पावसाने खाली बसवलं. मग तिसऱ्या दिवशी ऊन आलं तेव्हा दोन दिवसांचं साठलेलं एकदम सुटलं. द्राक्षाला फुलोऱ्यात पाऊस लागला की मणी नीट धरत नाहीत, गळ होते, ते आम्ही रडून बघितलंय, ओल्या परागाचं काही खरं नसतं. फरक एवढाच की मक्याचा पराग जड, बराचसा शेतातच पडतो. झाडाचा हलका आणि वरून सुटलेला, तो किती लांब जाईल सांगता येत नाही. म्हणून एक झाड तोडून काय होणार, वारा काय तुमच्या सोसायटीचं कंपाऊंड बघून थांबतो का.

गंगापूररोडची:
काका, दादा, खूप खूप आभार, हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. दादा तुमचं तिसऱ्या दिवसाचं अगदी पटलं. एक विचारायचंय, मी सकाळी सहा ते सात सोमेश्वरच्या बाजूला चालायला जाते तेव्हा फार होत नाही, पण संध्याकाळी सात-साडेसातला गॅलरीत बसलं की परत सुरू. तेव्हा तर ऊनही नसतं आणि वाराही पडलेला असतो?

हवामानवेडा_सिडको:
वारा पडलेला असतो म्हणूनच होतं. दिवसा जमीन तापते, गरम हवा वर जाते आणि तिच्याबरोबर परागही वर जाऊन पांगतात. संध्याकाळी जमीन गार होते, हवा उचलली जाणं थांबतं आणि वर गेलेलं सावकाश खाली उतरायला लागतं. थंडीत गावाकडे चुलीचा धूर बघा, वर जायच्या ऐवजी घरांच्या उंचीवरच चादरीसारखा पसरून राहतो, खाली गार हवा आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण. परागही त्याच झाकणाखाली अडकतात. नाशिकला फेब्रुवारीत दुपारी कडक ऊन आणि रात्री गारठा असतो, त्यामुळे हा खेळ रोजच. तुमची पहाटेची वेळ बरी आहे, दव असतं, फुलं उघडलेली नसतात.
वाऱ्याचंही सरळ गणित नाही. थोडा वारा असेल तर पराग सुटतात आणि आसपासच फिरतात, जोराचा असेल तर जास्त सुटतात पण लांब पांगतात, त्यामुळे कधी कधी सोसाट्याच्या दिवसापेक्षा मंद वाऱ्याच्या कोरड्या दिवशी जास्त त्रास होतो. जपानमध्ये सुगी नावाच्या झाडाच्या परागाने लाखो लोक हैराण होतात, तिथे हवामानाच्या बातम्यांबरोबर परागाचा अंदाज देतात, आणि पावसानंतरचा उबदार, वाऱ्याचा दिवस सगळ्यात वाईट समजतात. तुमच्या वहीतला तिसरा दिवस तोच. आपल्याकडे चंडीगडसाठी कुठल्या महिन्यात कुठले पराग याचं कॅलेंडर तयार झालंय, नाशिकसाठी असं व्हायला पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं, कारण हवा तापतेय तसा हा हंगामही सरकतोय. उत्तर अमेरिकेत 1990 ते 2018 मध्ये परागांचा हंगाम साधारण 20 दिवस आधी सुरू व्हायला लागला आणि हवेतले पराग सुमारे 21 टक्क्यांनी वाढले असं मोजलं गेलंय. त्यामुळे वही बंद करू नका, पुढच्या वर्षी जानेवारीच्या सुरुवातीपासूनच लिहा.

इंदिरानगर_बाबा:
माझ्या मुलाला दमा आहे म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. पाऊस म्हणजे सुटका असं कायम धरू नका. मेमधला वळीव येतो ना, आधी गार वाऱ्याचा झोत, विजा, मग टपोरे थेंब, त्या पहिल्या काही मिनिटांत मुलाला गॅलरीत येऊ देत नाही. अख्खा परागकण साधारण 20-40 मायक्रॉनचा, तो नाकातच अडकतो. पण वादळाच्या दमट हवेत तो पाणी पिऊन फुटतो आणि आतले अगदी बारीक कण सुटतात, ते थेट फुफ्फुसात खोल जातात, आणि वरून येणारा गार झोत सगळं जमिनीजवळ आणून टाकतो. मेलबर्नला 21 नोव्हेंबर 2016 च्या संध्याकाळी असंच वादळ आलं, हजारो लोकांना एकाच रात्रीत श्वास घ्यायला त्रास झाला आणि दहा जण गेले. तिथे पराग गवताचे होते, झाडांचे नाही, पण ज्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो त्याने हे लक्षात ठेवायलाच हवं. ताई तुम्हाला नुसतं नाक आहे का छातीही भरते? भरत असेल तर गोळीवर थांबू नका, छातीच्या डॉक्टरांना दाखवा.
बाकी आम्ही घरी जे करतो ते, दहा ते संध्याकाळपर्यंत वाऱ्याकडच्या खिडक्या बंद, कपडे गॅलरीऐवजी आत वाळत, बाहेरून आलं की तोंड, डोळे धुणं आणि रात्री झोपायच्या आधी केसांवरून पाणी, नाहीतर दिवसभराचे पराग उशीवर. नाक मिठाच्या पाण्याने धुतो, पाणी उकळून गार केलेलंच.

नाशिकरोडचा_पक्या:
मला हेच सगळं ऑक्टोबरात होतं, आमच्या इथे सातवीण फुलते, तिच्यामुळेच ना?

पंचवटीतले_काका:
सातविणीच्या उग्र वासाने डोकं चढतं हे खरं, पण तिचा पराग किडे नेतात. पावसाळा संपताना गवतं आणि काँग्रेस गवत फुलोऱ्यात असतं, आधी मोकळ्या प्लॉटकडे बघा. आणि ते उपटायला उघड्या हाताने जाऊ नका, कातडीलाही त्याची ॲलर्जी येते.

गंगापूररोडची:
छाती नाही भरत दादा, नाक-डोळेच, पण तुम्ही सांगितलेलं डॉक्टरांना विचारणार आहे. टेस्टची वेळ घेतली पुढच्या आठवड्याची.
आणि काका, काल संध्याकाळी मागच्या नाल्याकडे जाऊन आले. दोन मोठी झाडं आहेत, चपट्या चकत्यांचे घोसच्या घोस, पान चुरगळलं आणि हात दोनदा धुवावा लागला. रोज गॅलरीतून बघते मी ती, नाव माहीत नव्हतं. मीटिंगमध्ये मी वही घेऊन गेले, तारखा वाचून दाखवल्या आणि गुलमोहर कधी फुलतो ते विचारलं. एका काकूंनी त्यांच्या मोबाइलमधले गेल्या मेचे फोटो काढून दाखवले, झाड लालभडक आणि त्याच्याखाली उभी राहून मी हसतेय. विषय तिथेच मिटला. लगेच कोणीतरी म्हणालं मग नाल्याकडची दोन तोडायची का, तर मी सांगितलं की महापालिकेच्या परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही, आणि मलाही ती तोडायची नाहीयेत, त्यांच्यावर घारीचं घरटं आहे.