बार्सिलोना: साग्रादा फामिलिया चर्च सकाळी की दुपारी?

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये मुंबईहून जातोय. सोबत आई (शाकाहारी) आणि पाच वर्षांची मुलगी. तिकीट कुठल्या वेळेचं काढू? लोणचं केबिन बॅगेत चालेल का?

उत्तर १: पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या, त्या सकाळी उजळतात. पश्चिमेच्या लाल-नारिंगी, त्या ऊन कललं की पेटतात आणि वास्तुकार गौदीचे झाडांसारखे फांद्या फुटलेले खांब त्या रंगात न्हातात. मी तरी चारच्या सुमाराचा स्लॉट घेईन. मनोऱ्याचं तिकीट नको. सहा वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. शिवाय लिफ्ट फक्त चढायला, उतरताना अरुंद गोल जिना; आईंच्या गुडघ्यांचं बघा.

उत्तर २: भाज्यांचा पाएया (स्पॅनिश भात) मागवलात तरी तो कशात शिजवलाय ते विचारा, बऱ्याचदा मासळीचं किंवा कोंबडीचं पाणी असतं. एस्कालिवादा (भाजलेली वांगी, ढोबळी मिरची) आणि टोमॅटो चोळलेला पाव बिनधास्त. वर अँचोव्ही (छोटे खारवलेले मासे) नको म्हणून सांगा. रात्री साडेआठच्या आधी बरीच स्वयंपाकघरं बंदच, म्हणून मुलीचं मुख्य जेवण दुपारीच उरका.

उत्तर ३: लोणचं चेक-इनमध्येच. तेलामुळे ते द्रवात धरतात, १०० मिलीच्या वरची बरणी सिक्युरिटीत काढून घेतात. वाटेत विमान बदलताना पुन्हा तपासणी होते, हे विसरू नका.