फिरतीच्या नोकरीत बॅगेत मावेल असा स्वस्त व्यायाम (पट्टा, आयसोमेट्रिक म्हणजे न हलता जोर धरून ठेवायचा प्रकार वगैरे), सल्ला हवाय

फिरतीवाला
नमस्कार मंडळी, मी एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) आहे, लातूर नांदेड परभणी असा एरिया, महिन्यातले निम्मे दिवस लॉजवर. वय ४१, बीपी बॉर्डरवर, गोळी अजून नाही. जिम लावून उपयोग नाही कारण गावातच नसतो, आणि घरी डंबेल आणावे तर खालच्या मजल्यावरच्या काकांची बायपास झालीये, दणदण आवाज नको वाटतो. एका मित्राने सांगितलं की पट्टा घेऊन न हलता नुसता जोर लावून धरायचा, त्याने पण ताकद वाढते. ऑनलाइन तयार सेट बघितले, किमती माझ्या आवाक्याबाहेर. हजाराच्या आत काय घेता येईल आणि नेमकं काय करायचं ते प्लीज सांगा.

वारणाकाठ
तयार सेट अजिबात घेऊ नका. ताडपत्री-दोरखंडाच्या दुकानात जा, टेम्पोवर माल आवळायला नायलॉनचा पट्टा मिळतो, बक्कलवाला, साधारण दोन इंच रुंद आणि चार मीटर लांब असा मागा. हार्डवेअरमधून कुदळीचा लाकडी दांडा घ्या आणि तिथेच दोन फुटाचा तुकडा कापून घ्या, बॅगेत बसतो. पीव्हीसी पाइप नको, जोरात ओढताना मध्येच तडकला तर तोंडावर येईल. झालं सामान.

आता पट्ट्याचं बक्कल लावून मोठं कडं करा, वरून दांडा घाला, खाली दोन्ही पाय कड्यात. बूट घालूनच, आणि पट्टा पावलाच्या मधोमध पाहिजे, टाचेखाली गेला तर सटकतो. दांडा गुडघ्याच्या जरा वर येईल एवढी लांबी ठेवा, पाठ सरळ, कमरेतून वाका आणि पायाने जमीन खाली ढकलतोय अशा हिशोबाने वर ओढा. एकदम हिसका द्यायचा नाही, दोन-तीन सेकंदात जोर चढवत न्या मग पाच-सहा सेकंद पूर्ण ताकद, मग हळू सोडा. मिनिटभर थांबून परत, असं तीनदा. तोच पट्टा आखूड-लांब करून कोपर काटकोनात ठेवून बायसेपसाठी, आणि डोक्याच्या उंचीवर दांडा धरून वर ढकलायला. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटांत आटपतं आणि खालच्या काकांना पत्ता लागत नाही.

आजरेकर
सत्तर-ऐंशीच्या दशकात मासिकांमधून बुलवर्करच्या (दाबायचं-ओढायचं नळीसारखं व्यायामाचं साधन) जाहिराती यायच्या बघा, आमच्या वडिलांकडे होता. त्यात मला सगळ्यात आवडायचं ते म्हणजे जोर किती लागला ते दाखवणारी पट्टी. पट्ट्याच्या व्यायामात नेमकी हीच अडचण आहे की वजन वाढवत नाही त्यामुळे आपण पुढे चाललोय की नाही कळतच नाही, आणि लोक कंटाळून सोडतात. म्हणून प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या, ५० किलोपर्यंतचा दोन-चारशे रुपयांत मिळतो, पट्ट्याच्या मध्ये अडकवा आणि एका हाताने ओढून आकडा वहीत लिहा. फक्त वर सांगितलेल्या दोन्ही हातांच्या ओढीला तो लावू नका, तिथे जोर ५० च्या कितीतरी वर जातो, काटा मोडेल.

फिजिओताई
फिरतीवाला, बीपी बॉर्डरवर म्हणालात म्हणून मुद्दाम लिहितेय. जोर लावताना श्वास कोंडला की बीपी झपकन वर जातं, त्यामुळे मोठ्याने एक दोन तीन मोजायचं, मोजताना श्वास कोंडता येत नाही. आधी महिनाभर निम्म्या जोरानेच करा.

तुम्हाला खरा उपयोग भिंतीचा होईल. २०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० चाचण्या एकत्र करून केलेला अभ्यास आला, त्यात बसल्या वेळचं बीपी कमी करायला धरून ठेवायचे व्यायाम सगळ्यात पुढे निघाले, आणि त्यातही भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं. दोन मिनिटं बसा, दोन मिनिटं आराम, असं चार वेळा, आठवड्यातून तीनदा. मांड्या जमिनीला समांतर पाहिजेतच असं काही नाही, दोन मिनिटं निभावेल तितकंच खाली जा, पुढे हळूहळू उतरा. हर्निया असेल, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल किंवा बीपी खूप वर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पुढे गोळी सुरू झालीच तर व्यायाम चालू आहे म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नाही.

तालीमवाला
सगळं बरोबर पण नुसतं धरून ठेवण्यावर राहू नका. ज्या कोनात धराल तिथे आणि त्याच्या थोडं आजूबाजूला ताकद वाढते, बाकी ठिकाणी कमी. १९५३ साली जर्मनीत हेटिंगर आणि म्युलर यांनी रोज सहा सेकंदांत आठवड्याला पाच टक्के ताकद वाढते असं लिहिलं होतं, नंतरच्या लोकांना एवढी वाढ दिसली नाही. जोर-बैठका फुकट आहेत की, त्या जोडीला ठेवाच.

वारणाकाठ
तालीमवाल्यांना अनुमोदन. कोनासाठी माझं असं की एकच व्यायाम दोन-तीन उंचीवर करायचा, आणि एकच करायला वेळ असेल तर स्नायू ताणलेला असेल ती जागा निवडायची, तिथला फायदा जास्त पसरतो. म्हणजे बैठकीच्या तळाशी, नाहीतर जोर मारताना छाती जमिनीपासून चार बोटं वर असताना थांबायचं.

फिरतीवाला
खूप आभार सगळ्यांचे, पट्टा आणि दांडा आणला, काटा मागवलाय. एक राहिलं, पाठीसाठी आडवं ओढायचं असेल तर लॉजवर पट्टा कशाला बांधू? खिडकीच्या गजाला चालेल का?

वारणाकाठ
जुन्या लॉजचे गज नकोत, खालून गंजलेले असतात. बाथरूमचं दार बहुतेक आत उघडतं, म्हणजे खोलीत उभं राहून ओढलं की ते चौकटीवर घट्टच बसतं. पट्ट्याच्या टोकाला जाड गाठ मारा, गाठ आतल्या बाजूला ठेवून दार लावा आणि बाहेरून कडी. पण दार लाकडी पाहिजे, प्लास्टिकचं असेल तर पलंगावर पाय पसरून बसा, पट्टा तळव्यांना लावा आणि पोटाकडे ओढा, तेवढं पुरतं.