‘प्ले’ला नक्कल म्हणणाऱ्यांनो, आधी नीट ऐका तरी

रानवारा: कालच्या जे-पॉपच्या (जपानी पॉप संगीताच्या) चर्चेत एकांनी ठोकून दिलं, ‘गायिका आमुरो नामिए तिचा संगीतकार-निर्माता कोमुरो याच्याबरोबरच संपली. २००७चा तिचा प्ले अल्बम म्हणजे अमेरिकन आर अँड बी संगीताची नक्कल. नाच आहे, गाणं नाही.’ फार लागलं, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, ती गाणी रचणारे नाओ-वायएमटी काय, टी. कुरा आणि मिचिको काय, जपानीच आहेत. तेत्सुया कोमुरोनं केलेला तिचा ‘स्वीट १९ ब्लूज’ अल्बम (१९९६) तीस लाखांवर खपला, मान्य. पण तिथे बहुतेक सगळं कोमुरोच ठरवायचा. २००१मध्ये ती त्याच्यापासून वेगळी झाली, खप घसरला, तरी तिनं जुन्या वाटेवर पाऊल टाकलं नाही. ‘प्ले’ ओरिकॉन या जपानी खपाच्या यादीत पहिला आला तो तिच्या ‘जीनियस २०००’ अल्बमनंतर सात वर्षांनी. त्यातलं ‘हाइड अँड सीक’ हेडफोन लावून ऐका. कवायतीसारखा ठेका, आणि त्यावर ती शब्द कसे तोडून टाकते ते बघा. पायात ताल असल्याशिवाय असं गाता येत नाही.

तळेगावकर: ते कालचं वाक्य माझंच, आणि मी त्यावर ठाम आहे. पुण्यात जपानी शिकत होतो तेव्हा आमच्या सेन्सेईंनी (शिक्षकांनी) तिच्या कोमुरोच्या काळातल्या ‘कॅन यू सेलिब्रेट?’ची कॅसेट वर्गात लावली होती. अख्खा वर्ग गुणगुणत घरी गेला. ‘प्ले’मधलं एक गाणं गुणगुणून दाखवा! बाराच्या बारा गाण्यांची नावंसुद्धा इंग्रजी.

रानवारा: ‘कॅन यू सेलिब्रेट?’ हे नाव काय संस्कृत आहे?

मिनातोमिराई: मी योकोहामात राहते, आमुरोचा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिलाय. मध्ये एक शब्द बोलत नाही. गाण्यामागून गाणं, नाचत, आणि आवाज हलत नाही. शेजारी बसलेल्या बाई नव्वदच्या दशकात तिच्यासारखेच जाड तळाचे बूट घालून फिरायच्या, म्हणजे अस्सल ‘आमुरा’ (तिच्या पेहरावाची नक्कल करणारी चाहती). ‘प्ले’मधलं ‘बेबी डोन्ट क्राय’ लागलं तशा त्या ढसाढसा रडल्या. तळेगावकर, त्या गाण्याला चाल नाही म्हणता?

पाटीलबुवा: तुम्ही भांडताय खुशाल, पण आम्ही ऐकायचं कुठे? २०२३च्या नोव्हेंबरपासून तिची गाणी स्ट्रीमिंगवरून गायब. माझ्या मुलीला ऐकवायला गेलो तर यादी रिकामी.

तळेगावकर: म्हणून म्हणतो, सीडी घ्या. भाड्याच्या संगीतावर जगणाऱ्यांनी रडू नये.

पाटीलबुवा: सीडी कुठून आणू? जपानहून मागवली तर सीडीपेक्षा टपालखर्च जास्त, वर कस्टम्स. मागच्या वेळी डबी फुटून आली, कुणी दाद घेतली नाही. तुमच्यासारखे पेन्शनर करोत हे शौक!

तळेगावकर: वयावर जायचं काम नाही.

मिनातोमिराई: इथे बुक-ऑफ या जुन्या वस्तूंच्या दुकानात तिच्या जुन्या सीडी अगदी स्वस्तात मिळतात. डिसेंबरात भारतात येतेय, दोन-चार आणीन. पण पाटीलबुवांचा राग रास्त आहे. १६ सप्टेंबर २०१८ला ती निवृत्त झाली, तो तिचा हक्क. गाणी का काढून घ्यायची? आज पंधरा वर्षांच्या मुलीनं तिला शोधायचं कसं?

रानवारा: मला ते पटत नाही. कलाकारानं दार बंद केलं तर केलं. तिच्या निवडक गाण्यांचा ‘फायनली’ संग्रह वीस लाखांवर खपला, घरोघरी आहे तो.

पाटीलबुवा: घरोघरी तिच्या जन्मभूमीत, ओकिनावात असेल, सांगलीत नाही!

तळेगावकर: मूळ विषयावर या. काल रात्री ‘प्ले’ची सीडी काढून पुन्हा लावली. ‘बेबी डोन्ट क्राय’ चांगलं आहे, घ्या, दिलं. ‘फंकी टाउन’ मात्र मी मेलो तरी गाणं म्हणणार नाही.

रानवारा: म्हणजे सीडी तुमच्याकडे आहे! ती पाटीलबुवांना द्या आधी.

तळेगावकर: देणार नाही. सांगलीहून येऊन घरी बसून ऐका म्हणावं.